पाटावरचा पेचकस

मी बोलतोय, ॲम्प्लिफायर, आवाज मोठा करणारं यंत्र. थांबा, थांबा! एवढे जवळ नका येऊ. यायचंच असेल तर आधी एक हात पाठीमागे धरा. हा नियम माझ्या धन्याचा. त्याने तो जन्मात एकदाच मोडला.

माझा जन्म नागपुरातला, महाल भागातल्या दोन खोल्यांच्या घरातला, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा. धनी चंपतराव सीताबर्डीच्या एका टॉकीजमध्ये मशीन चालवायचा. त्याची आई जिजाबाई भजनाची भारी शौकीन, पण कानाने अधू होत चालली होती. ग्रामोफोनच्या भोंग्याला कान लावूनही तिला काही उमगेना. फिरणाऱ्या रेकॉर्डकडे नुसती बघत बसायची. ते पोराच्याने बघवेना.

"माय, तुले आयकू येईन असं यंत्रच बनवतो मी," तो तिच्या कानाशी ओरडला. विकतचं यंत्र आवाक्यातलं नव्हतं, म्हणून मी घरीच जन्मलो.

माझा नकाशा त्याने खडूने फरशीवर काढला. बायको गोपिका तेवढी जागा सोडून रांगोळी घालायची. ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळताना वेढे तीच मोजायची. मोजणी चुकली की दोघं एकमेकांवर खेकसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. अंग जाड पत्र्याचं, काचेचे व्हॉल्व्ह टॉकीजमधून टाकून दिलेले. पोटातले कंडेन्सर मात्र कामठीच्या छावणीतून भंगारात निघालेले, चांगले वजनदार. विष आलं ते तिथून.

कंडेन्सर म्हणजे विजेचा माठ समजा. बटण बंद केलं, व्हॉल्व्ह विझले, तरी हा माठ भरलेलाच राहतो. ती वीज जिरवायला एक रेझिस्टर लावतात. चंपतरावाने लावलेला जळून गेला होता आणि नवा मुंबईहून मागवायचा होता. "दसरा होऊ दे, मग पाहू," असं म्हणत तो राहिला. तोवर मला बंद केलं की तो लाकडी मुठीचा लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घ्यायचा, वीज छातीतून आरपार जाऊ नये म्हणून दुसरा हात पाठीमागे धरायचा आणि पेचकस कंडेन्सरच्या टोकाला नि पत्र्याला एकदम टेकवायचा. चट्! निळी ठिणगी उडाली की मी गरीब गाय.

"याचा भरवसा नाई वं," तो गोपिकेला बजावायचा. "हा झोपला तरी चावते."

जिजाबाईला मात्र हे सांगायचं राहूनच गेलं. तिला काही सांगायचं म्हणजे घसा फोडावा लागे.

पहिल्यांदा मी नुसता घुमलो, मग गायलो. म्हातारी दचकली आणि तिथेच डोळ्याला पदर लावला. "आयकू येऊन राह्यलं गा! टाळ बी आयकू येऊन राह्यले!" खोटं कशाला बोलू, मलाही फार बरं वाटलं. त्या घरात माझ्याइतकं लाडकं दुसरं कोणी नव्हतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. पाटावर मांडलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत कोणी काम सांगत नाही. सकाळी मी भजन गायलो. चंपतरावाने मला बंद केलं, पूजेआधी पुसायला उलटं केलं आणि माझं पोट उघडलं. सवयीने त्याचा हात पेचकसाकडे गेला. पेचकस पाटावर होता, पक्कड नि हातोडीच्या मधोमध, हळदीकुंकू लावलेला.

जिजाबाईने त्याचं मनगट धरलं. "काहून उचलून राह्यला गा? आज हत्याराले हात नाई लावाचा. सणाच्या दिवशी घरात काई वाईट होईन."

मी काठोकाठ भरलेला होतो. अरे उचल ना, बाबा, उचल! पण माझं तोंड दुसऱ्याच्या आवाजाचं. स्वतःचं म्हणून मला काही बोलता येत नाही. चंपतराव घुटमळला. आईचं मन त्याला मोडवेना. "जाऊ दे, घंटाभरात आपोआप जिरून जाईन," असं पुटपुटून त्याने माझ्यावर पंचा टाकला आणि तो अंगणात झेंडूची फुलं तोडायला गेला. फौजेचा माल तो, घंटाभरात कसला जिरतोय! गोपिका चुलीपाशी होती.

जिजाबाईने पाहिलं, सगळ्यांना कुंकू लागलं, हा तेवढा राहिला. ज्याने भजन ऐकवलं तोच कोरडा? तिने पंचा काढला, एक हात माझ्या पत्र्यावर टेकला, दुसऱ्या हाताची बोटं ओल्या कुंकवात बुडवली आणि माझ्या पोटाकडे आणली.

"माय! हात नको लावू!" दारातून चंपतराव ओरडला. तिला ऐकू येत असतं तर मी जन्मलोच कशाला असतो?

हातातली फुलं टाकून तो धावला. खांद्याने त्याने आईला बाजूला लोटलं, त्याचा तोल गेला आणि तो माझ्यावर आला. त्या दिवशी त्याचे दोन्ही हात माझ्यावर होते.

गोपिका धावत आली तोवर मी रिकामा झालो होतो, आणि तोही.

तेव्हापासून मला कोणी वाजवलं नाही. पंच्याखाली कोपऱ्यात पडून आहे. आता माझ्याने मुंगीही मरायची नाही, तरी केर काढताना लोक मला वळसा घालतात. ज्या दिवशी खरंच भ्यायचं, त्या दिवशी मला कुंकू लावायला निघाले होते! उद्या मला कोणी नेलंच, तर त्याला एवढंच सांगणं आहे: सण असो की सुतक, आधी पेचकस टेकव. हत्याराला सुट्टी असते, विजेला नसते.

खंडेनवमीला पाट अजून मांडतात. पक्कड असते, हातोडी असते, पेचकस मात्र नसतो. तो जिजाबाई स्वतः उचलते. एक हात पाठीमागे धरून, गोपिकेने दाखवलं तसा, माझ्या पोटात टेकवते आणि त्या 'चट्'ची वाट बघते.

"आवाज आला का वं, गोपिके?"

"नाई आला, आत्याबाई."

"नीट आयक वं," म्हातारी म्हणते, आणि पेचकस पुन्हा टेकवते.