खांद्यापाशी ब्याऐंशी सेंटिमीटर

गुंडूरावांचं म्हणणं असं होतं, की पाळायचा कुत्रा स्कूटरवर, चालवणाऱ्याच्या दोन पायांमध्ये, शेपटीसकट मावला पाहिजे. पुष्पावतींचं म्हणणं असं, की कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवताना माणसाला वाकायला लागता कामा नये. त्यांची कंबर दोन वर्षांपासून धरलेली होती. या दोन म्हणण्यांमध्ये साधारण दीड हाताचा फरक होता, आणि बंगळुरात, मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घरात तो जानेवारीपासून गौरी-गणपतीपर्यंत मिटला नाही.

कुत्र्याचा विषय निघाला तो मोहनकुमारमुळे. मोहनकुमार त्यांचा एकुलता एक मुलगा. लग्न झाल्यावर तो बायकोला घेऊन मारतहळ्ळीला राहायला गेला, कारण मल्लेश्वरमहून ऑफिसला जाण्या-येण्यात त्याचे दिवसाचे चार तास जात होते. तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी पुष्पावती चहा पिता पिता म्हणाल्या, "एक कुत्रा आणू या." गुंडूराव "सरी" म्हणाले, म्हणजे ठीक आहे. कुत्र्याला त्यांची ना नव्हतीच. भानगड होती मापाची, आणि मापाच्या बाबतीत गुंडूरावांना कुणी शिकवावं अशी परिस्थिती नव्हती.

त्यांचं अस्तराचं आणि ब्लाउजपीसचं दुकान होतं. पणजोबा सोलापूरकडून आले तेव्हापासून घराणं इथंच, आणि कापडातच. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत गुंडूराव नुसत्या नजरेनं माप घेऊन मोकळे होत. "ऐंशी सेंटिमीटर पुरे, अक्का. मीटर घेऊ नका, वाया जाईल." हे ते बाईनं तोंड उघडायच्या आत सांगत, आणि बाई मुकाट्यानं ऐंशी सेंटिमीटर घेऊन जाई. बत्तीस वर्षांत कुणाचा ब्लाउज अडला नव्हता.

स्वतःची उंची मात्र ते पाच फूट तीन इंच सांगत. ती पाच फूट पावणेदोन इंच होती. पुष्पावती पाच फूट सहा. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरनं नवरदेवाला खुर्चीवर बसवलं होतं आणि नवरीला शेजारी उभं केलं होतं. फोटो चांगला आला होता. त्यानंतर एकतीस वर्षं या विषयावर घरात कुणी बोललं नव्हतं.

मोठ्या कुत्र्याविरुद्ध गुंडूरावांकडे कारणांची कमतरता नव्हती. तो खातो फार. केस गाळतो. आजारी पडला तर उचलणार कोण? खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मोठ्या कुत्र्याचा पट्टा धरून आपण भर बाजारातल्या संपिगे रोडवरून चाललो तर कसे दिसू, हे त्यांनी नजरेनं मापून ठेवलं होतं.

लोकांनी आपापली मतं दिली. दुकानाशेजारचा शिंपी देवाप्पा म्हणाला, कुत्रा एका केरसुणीनं हाकलता येईल एवढाच असावा. हाकलायचाच असेल तर पाळायचा कशाला, असं गुंडूरावांनी विचारलं, तेव्हा त्यानं मशीन थांबवलं, थोडा वेळ विचार केला आणि पुन्हा मशीन चालू केलं. सून रूपश्री फोनवर म्हणाली, छोटे कुत्रे फार भुंकतात. मोहनकुमार म्हणाला, मोठे कुत्रे लवकर मरतात. दोघांचंही खरं असल्यामुळे पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही.

असं चाललेलं असताना वादिराज न्हाणीघरात घसरून पडले.

वादिराज गल्लीच्या टोकाच्या घरात एकटे राहत. बँकेतून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, सहा फूट उंच. त्यांच्याकडे ग्रेट डेन जातीचा एक राखाडी कुत्रा होता. पिल्लू विकत घेताना त्यांनी विचारलं होतं, हा किती वाढणार? विकणारा म्हणाला होता, "स्वल्प, सर." म्हणजे थोडासा. वादिराजांनी तेच नाव ठेवलं. तेव्हा तो भाजीच्या पिशवीत मावत होता.

वादिराजांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि पुढचे सहा आठवडे म्हैसूरला बहिणीकडे राहायचं ठरलं. बहीण दुसऱ्या मजल्यावर राहत होती आणि कुत्र्याचं नाव काढलं की शिंकत होती. पुष्पावती दवाखान्यात त्यांना बघायला गेल्या आणि स्वल्पला सांभाळायचा शब्द देऊन आल्या.

"मला विचारायचं तरी," गुंडूराव म्हणाले.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. मग कशाला विचारायचं?"

स्वल्प आला. दारातून आत येताना त्यानं मान खाली घातली, ती लाजेनं नव्हे. सोफ्यावर पुढचा भाग ठेवून मागचे पाय जमिनीवर ठेवण्याची त्याची एक पद्धत होती. गुंडूरावांनी दुकानातून मीटरपट्टी आणली. खांद्यापाशी ब्याऐंशी सेंटिमीटर भरले. डोकं वर केलं की ते गुंडूरावांच्या छातीला लागत होतं. पुष्पावतींनी उभ्या उभ्या त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

कंबरेमुळे पुष्पावतींना हिसका सोसणारा नव्हता, त्यामुळे कुत्र्याला फिरवायचं काम गुंडूरावांकडे आलं. त्यांनी पहाटे साडेपाचची वेळ निवडली. त्या वेळी रस्त्यावर फक्त फुलवाल्या आणि दूधवाले असतात, असा त्यांचा हिशेब होता. पहिल्याच दिवशी दूधवाला क्रेट खाली ठेवत म्हणाला, "अण्णा, कोण कुणाला फिरवतंय?"

हे वाक्य येणार हे गुंडूरावांना जानेवारीपासून ठाऊक होतं. ते एकदाचं येऊन गेल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तेच वाक्य दोन फुलवाल्या बोलल्या, तिसऱ्या दिवशी एक रिक्षावाला, आणि प्रत्येकाला ते आत्ताच सुचलेलं होतं.

अकराव्या दिवशी गुंडूरावांना ताप आल्यासारखं वाटलं म्हणून ते उशिरापर्यंत झोपले. जाग आली तेव्हा आठ वाजून गेले होते आणि स्वल्प दाराकडे तोंड करून कण्हत होता. जाणं भाग होतं.

संपिगे रोड ओलांडताना मधोमध एक पिल्लू आडवं आलं. नारळाएवढं असेल. ते स्वल्पकडे बघून एकदा भुंकलं, आणि स्वल्प खाली बसला.

गुंडूरावांनी पट्टा ओढला. स्वल्पचं वजन अठ्ठावन्न किलो होतं आणि ते सगळं रस्त्यावर टेकलेलं होतं. त्यांनी त्याला मराठीत विनवलं. मग आठवलं, की वादिराज याच्याशी कन्नडमधून बोलतात. कन्नडमधून विनवलं. दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजायला लागले. बसच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. रिक्षातली शाळेची मुलं फोटो काढत होती. पिल्लू आपलं काम झाल्यासारखं निघून गेलं होतं, पण ते स्वल्पला कोण सांगणार?

ट्रॅफिक पोलीस आला. त्यानं आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग गुंडूरावांकडे, मग पुन्हा कुत्र्याकडे.

"हा तुमचा?"

नाही म्हणायला हरकत नव्हती. ते खरंही होतं. गुंडूराव म्हणाले, "हो, माझाच."

"मग घ्या बाजूला."

"तो ऐकत नाही."

"तुमचाच ना?" पोलिसानं खात्री करून घेतली.

एवढ्यात पलीकडच्या फूटपाथवरून भाजीची पिशवी घेऊन पुष्पावती रस्त्यात उतरल्या. त्या बाजारातून परतत होत्या. त्यांनी हात वर करून एक मोटारसायकल थांबवली, स्वल्पच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या गळपट्ट्यात बोटं घातली. "चल रे," त्या म्हणाल्या. स्वल्प उठला. कशामुळे उठला ते सांगता येत नाही. दोन बाजूंना दोन माणसं असली की त्याला धीर येत असावा. तिघं एका ओळीत, सगळा संपिगे रोड बघत असताना, फूटपाथवर आले.

एका बंद दुकानाच्या पायरीवर ती दोघं बसली. स्वल्प गुंडूरावांना टेकून उभा राहिला. या जातीचे कुत्रे असे टेकतात. गुंडूराव त्यामुळे थोडे कलले होते.

"एवढे लाल का झालात? ताप वाढला का?"

"ताप नाही," ते म्हणाले. "मला मोठा कुत्रा नको होता."

"माहीत आहे. केस गळतात."

"केसांचं नाही. त्याच्या शेजारी मी बुटका दिसतो."

पुष्पावतींनी पिशवीतली कोथिंबीर वर काढून ठेवली, म्हणजे चिरडणार नाही. "तुम्ही बुटके आहातच की. त्यात दिसायचं काय?"

गुंडूरावांनी पट्ट्याचा आणखी एक वेढा हाताला घेतला.

"मग माझ्या शेजारी चालताना दिसत नाही का तुम्ही बुटके?" पुष्पावतींनी विचारलं. चिडवायला नव्हे, खरोखर प्रश्न पडला म्हणून.

"मी तुझ्या शेजारी चालत नाही, पुष्पा."

पुष्पावती आठवायला लागल्या. देवळात जाताना, लग्नाकार्यात, बाजारात, मोहनकुमारला शाळेत घालायला गेले होते तेव्हा. प्रत्येक वेळी गुंडूराव चार-पाच पावलं पुढे होते.

"मला वाटायचं, तुम्हाला घाई असते."

"कसली घाई? दुकान दहाला उघडतं."

"देवळात जातानासुद्धा?"

"देवळात जातानासुद्धा."

रस्त्यावरची बस एव्हाना निघून गेली होती. पुष्पावती समोरच्या दुकानाच्या शटरकडे बघत म्हणाल्या, "मी सगळ्यांना सांगत आले, आमच्या ह्यांचं पाऊल फार झपाझप पडतं. तुम्हाला गाठता यावं म्हणून मी दोनदा चपला बदलल्या. डॉक्टरांच्या त्या मऊ तळव्याच्या. मी रोज पाठ बघत चालले तुमची, एकतीस वर्षं. तुमच्या मानेवर तीळ आहे, तुम्हाला माहीत आहे का?"

"नाही."

"आहे."

त्या उठल्या आणि घराकडे चालू लागल्या. या वेळी पुढे त्या होत्या. गुंडूरावांनी त्यांना गाठायचा प्रयत्न केला, पण स्वल्पला प्रत्येक खांब हुंगायचा होता.

दोन दिवस पुष्पावती लागेल तेवढंच बोलल्या. जेवायला वाढलंय. गॅस संपत आलाय. गुंडूरावांनी दुकानात एका बाईला मीटर हवं असताना सत्तर सेंटिमीटर फाडून दिलं आणि देवाप्पाला ते ऐकून मशीन थांबवावं लागलं. रात्री जेवताना त्यांनी एकदा "चुकलं माझं" असं म्हटलं. पुष्पावती म्हणाल्या, "कळलं मला." यातून पुढे काही निघालं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे ते पट्टा घेऊन निघाले, तर पुष्पावती केसांत फूल माळून दारात उभ्या होत्या.

"मी येते. कुत्रा मध्ये राहू दे."

"कंबर?"

"कंबरेला चालायलाच सांगितलंय डॉक्टरांनी. पळायला नाही."

स्वल्पची चाल संथ होती. तो घाई करत नव्हता आणि करूही देत नव्हता. त्याच्या एका बाजूनं गुंडूराव चालले, दुसऱ्या बाजूनं पुष्पावती. सुरुवातीला गुंडूरावांचे पाय सवयीनं पुढे जायला बघत होते, पण पट्टा ताणला की ते मागे येत. फुलवालीनं विचारलं, "अण्णा, कोण कुणाला फिरवतंय?"

"तो आम्हा दोघांना," पुष्पावती म्हणाल्या. फुलवालीनं मोगऱ्याचा वीतभर गजरा जास्त दिला.

असं महिनाभर चाललं. त्या काळात ती दोघं बोलली ती बहुतेक किरकोळच. कुणाचं घर पाडून तिथं इमारत उठतेय, रूपश्रीला कुठली साडी द्यायची, असलं. एकदा पुष्पावतींनी विचारलं, "लग्नाच्या वेळी माझी उंची कळल्यावर तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?" गुंडूराव म्हणाले, "बघायला आलो तेव्हा तू बसलेली होतीस." स्वल्पनं खांब हुंगून घेतल्यावर ते म्हणाले, "उभी राहिलीस तेव्हा कळलं. पण तोवर मी हो म्हणून बसलो होतो." "मनात?" त्यांनी विचारलं. "मनातच," गुंडूराव म्हणाले. पुष्पावतींनी केसांतलं फूल नीट केलं, पण चाल मोडली नाही.

नोव्हेंबरात वादिराज वॉकर घेऊन परतले आणि स्वल्प आपल्या घरी गेला. जाताना त्यानं मागे वळून पाहिलं नाही. सोफा रिकामा झाला. केस मात्र पुढे पंधरा दिवस सापडत राहिले.

त्या रविवारी मोहनकुमारनं फोनवर विचारलं, "आई, कुत्र्याचं काय ठरलं?"

"अजून ठरतंय," पुष्पावती म्हणाल्या. "ह्यांना छोटाच हवाय. मला नकोय."

गुंडूरावांनी ते ऐकलं आणि मत बदललं नाही. मापाच्या बाबतीत ते पहिल्यापासून पक्के होते.

सोमवारी संध्याकाळी वादिराज फाटकापर्यंत आले. वॉकरनं गल्ली पार करायला त्यांना वीस मिनिटं लागली होती.

"स्वल्प पहाटे साडेपाचला दारापाशी जाऊन बसतो," ते म्हणाले. "मी त्याला समजावून पाहिलं, की मला अजून चालता येत नाही. ऐकत नाही."

"कन्नडमधून समजावलं ना?" गुंडूरावांनी विचारलं.

"दुसऱ्या कशातून समजावणार?"

पुष्पावती आतून म्हणाल्या, "आम्ही येतो उद्यापासून."

"एक विनंती आहे," वादिराज म्हणाले. "सात वाजेपर्यंत परत आणा. म्हैसूरला बहिणीकडे बोलत बोलत खायची सवय लागली. आता एकट्याला नाश्ता जात नाही."

पहिल्या दिवशी त्यांना सव्वासात झाले. वादिराज फाटकाशी वॉकरला धरून उभे होते आणि घड्याळ बघत होते. आत टेबलावर इडल्यांच्या चार ताटल्या मांडून ठेवल्या होत्या. एकीत चटणी नव्हती.