निळ्या शेपटीचा पाहुणा

मी पिंजरा बोलतोय. वाघसिंहांचा नव्हे, उंदरांचा. कारागिराने माझ्या तारा वळल्या, पोटात आकडा टांगला, दाराला स्प्रिंग लावली, तेव्हा वाटलं, आपल्यापुढे उंदराची काय बिशाद! ती घमेंड ज्याने उतरवली, त्याचीच ही गोष्ट.

थोरल्या काकांनी मला कोठीत आणून ठेवलं. तिथे पेरणीसाठी राखलेल्या बियाण्याची तीन पोती होती. एकाला आधीच भोक पडलेलं. ते वाण आता बाजारात मिळत नव्हतं. पोती गेली असती, तर शेत पडीक राहिलं असतं.

आकड्याला शेंगदाणा लावला आणि दुसऱ्याच सकाळी माझ्यात एक गलेलठ्ठ उंदीर सापडला. काकांनी मला ओढ्यापलीकडे नेलं आणि दार उघडलं. "जा बाबा, परत येऊ नकोस." कुणाचा जीव घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. मग रोज तेच. रोज एक उंदीर, रोज ओढा, आणि परतताना शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी घोषणा, "आणखी एक धरला!"

सुट्टीला आलेल्या पुतणीला काही हे पटेना.

"काका, इतके उंदीर धरलेत, मग पोतं हलकं का होतंय?"

"उंदरांचं खटलं मोठं असतं, बाई."

"की एकच रोज फिरून येतोय?"

"ओढा ओलांडून? कॉलेजात हेच शिकवतात वाटतं!"

तिने वाद घातला नाही. खिडकीचा उरलेला निळा रंग आणला आणि तारांमधून कुंचला घालून उंदराच्या शेपटीला फासला. काकांनी त्याला नेहमीसारखं सोडून दिलं.

दुसऱ्या सकाळी माझ्या पोटात निळी शेपूट वळवळत होती.

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "दुसऱ्या कुणी रंगवला असेल."

"हो तर! ओढ्यापलीकडे उंदरांचं ब्युटी पार्लर निघालंय!"

मी मात्र थक्क झालो होतो. माझ्या तारांना त्याच्या काळजाचे ठोके जाणवत होते. एवढासा जीव, पण पाणी, काटेकुटे, कुत्री, सगळं पार करून अंधारात नेमकं हेच घर त्याने गाठलं होतं. मी लोखंडाचा, पण मला कुणी उचलून नेल्याशिवाय कोठीचा उंबरासुद्धा ओलांडता येत नाही.

त्या दिवशी पुतणीने त्याला पाणी देऊन माझ्यासकट कोठीच्या दारासमोर अंगणात ठेवलं आणि पोती ओढून बाजूला केली. मागे भिंतीत, पाण्याच्या पाइपाच्या कडेला एक भोक होतं. ये-जा करून त्याच्या कडा तेलकट, काळ्या झाल्या होत्या. काकांनी अंगठा घालून पाहिला. जेमतेम गेला.

"एवढ्यातून हा धटिंगण?"

"डोकं शिरलं की अंगही शिरतं, काका. तुम्ही पाहुण्याला पोचवत होतात, पण दार उघडंच होतं."

मग काकांनीच सिमेंट कालवलं. भोकात तारेची जाळी कोंबून वर लिंपलं, दाराच्या फटीला पत्रा ठोकला. पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर चढली. सांडलेला दाणान् दाणा तिने झाडून काढला. संध्याकाळी मला पुन्हा ओढ्यापलीकडे नेलं आणि त्याला सोडलं.

सकाळी दाराच्या नव्या पत्र्यावर दातांच्या ताज्या रेघा होत्या. आत मात्र एकही दाणा हलला नव्हता.

काका उकिडवे बसून त्या रेघांवरून बोट फिरवत राहिले. "आला होता गं. बघ तरी, कुठून कुठे आला!"

पुतणीच्या जिभेवर काहीतरी झोंबरं होतं. तिने ते गिळलं आणि शेजारी बसून तीही त्या रेघा पाहू लागली.

पेरणी झाली. दोन भरली पोती आणि एक अर्धं, सगळं शेतात गेलं. मी आता खुंटीवर रिकामा लटकतो, गंजतो. त्याचं दुःख नाही. पिंजरा रिकामा, म्हणजे घर नीट.

मला खुशाल विकत घ्या, पण आधी गुडघे टेकून भिंतीच्या बुडाशी बघा. आणि माझ्यात कुणी सापडलाच, तर किळस करण्याआधी क्षणभर त्याच्याकडे बघा. त्या मुठीएवढ्या देहाला तुमच्या घराचा सगळा रस्ता पाठ आहे.