उजवा गाल

वैशाखाचे ऊन. शुभ्र, निष्ठुर, निःशब्द ऊन. टेकडीच्या उतारावर ते सांडले होते, शिरीषाच्या वाळल्या शेंगांतून खुळखुळत होते, आणि काळे पडदे ओढलेल्या त्या थंडगार स्टुडिओत मात्र त्याला मज्जाव होता. तिथे माणसांनी घडवलेले ऊन होते. सांगाल त्या अंगाने येणारे, सांगाल तेव्हा ढळणारे, मोठे आज्ञाधारक ऊन!

त्या उन्हात एक म्हातारी बसली होती. बसली कसली, बसवली होती. कालिंदीने महिनोन् महिने खपून तिला संगणकावर घडवले होते, रंध्रारंध्राने, रोमारोमाने. कानाच्या पाळीतून झिरपणारा तांबूस प्रकाश होता, पापणीच्या काठाचा ओलावा होता, हनुवटीवरची मऊ लव होती. चित्रपटात ही म्हातारी एकदाच हसणार होती, परतलेल्या लेकाला पाहून. आणि ती काही केल्या हसेना. ओठ हलत, गाल फुलत, पण हसू येत नसे.

"सगळं आहे गं," दिग्दर्शक भार्गव सर म्हणाले, "पण बाई जिवंत वाटत नाही. उद्यापर्यंत नाही जमलं, तर पाठमोरी दाखवू." मग ते पडद्याकडे वाकले. "आणि हे काय? दोन्ही नाकपुड्या टोचल्यात! आजी दोन नथी घालणार आहे का?"

सगळे खदखदून हसले. कालिंदीचा चेहरा उतरला. चोरी उघडी पडली होती.

चेहरा अर्धा घडवायचा आणि उरलेला आरशासारखा उलटा उमटवून घ्यायचा, ही त्यांची रोजची रीत. मागाहून दोन्ही बाजूंत थोडा फरक करायचा. कालिंदीने तो केलाच नव्हता. कारण तो अर्धा चेहरा तिच्या आईचा होता. डावा, नथीचा, निरोगी. उजवा गाल गेल्या वैशाखात अर्धांगवायूने ओघळला होता. तेव्हा कालिंदीने आपली अखंड आई संगणकाकडे मागितली. त्याने बिचाऱ्याने निमूट दिली, आणि नथीचे भोकही इमानेइतबारे दोनदा दिले.

ती घरी निघाली. लॅपटॉपची पिशवी छातीशी, आणि छातीत नुसती तगमग. गुलमोहर पेटलेले, डांबर मऊ पडलेले, वारा कुठेतरी अडून बसलेला. आई पाठमोरी दाखवायची? पाठमोरी? छे, छे, ते तिला सोसणारे नव्हते. आई पाहील, हरखेल, स्वतःला ओळखेल. मग सर काहीही म्हणोत.

आई खिडकीशी बसली होती. "सिनेमातली आई बघ," म्हणत कालिंदीने ते चित्र तिच्यापुढे धरले. आईने पाहिले, पुष्कळ वेळ पाहिले, लेकीचे कौतुक डोळ्यांत मावेना.

"छान आहे," ती जड जिभेने म्हणाली. "कोणाची गं आई ही?"

कालिंदीने लॅपटॉप मिटला. वर्षभर ती आईच्या डाव्या हाताला बसत आली होती. घास भरवताना डावीकडे, वेणी घालताना डावीकडे, बोलताना डावीकडे. उजवा गाल तिने पाहिलाच नव्हता. भित्री, भित्री पोर!

ती उठली आणि आईच्या उजवीकडे जाऊन बसली.

"आई, हस ना जरा."

आईने पदर गालावर ओढला. "नको गं. वाकडं दिसतं."

"वाकडंच हवंय मला."

सांज खिडकीत उतरली होती, केशरी, धूसर, कुणाच्याही आज्ञेत नसलेली. पदर हळूहळू ढळला. डावा ओठ उचलला, उजवा जागीच राहिला. डावा गाल उजळला, उजवा नुसता थरथरला. आणि त्या दोहोंच्या मधून, वाट काढीत, अडखळत, आईचे हसू आले.

ओघळलेल्या कोपऱ्याशी लाळेचा एक थेंब चमकला. पुसायला पुढे झालेला कालिंदीचा हात वाटेतच थांबला. आधी तिने तो थेंब पाहिला. डोळे भरून पाहिला, आसुसून पाहिला. मग अंगठ्याने, हलकेच, पुसला.