वस्तरा कधी उचलायचा

रिमोट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सोफा येतो, मित्रांनो. माझ्या नशिबी सोफा नाही. मी केशकर्तनालयातला जुना रिमोट आहे. पाठीवरचं झाकण केव्हाच हरवलं, म्हणून पोटातले सेल पडू नयेत यासाठी मला रबरबँड घातलाय. आरशाशेजारच्या खिळ्याला मी सुतळीने लटकतो. तिथून मला दोन्ही खुर्च्या दिसतात आणि खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्या माणसाचा गळाही दिसतो. माझी सगळी भीती त्या गळ्याची आहे.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो जन्मले, त्यामुळे माझ्या जन्माचं कौतुक कुणाला नव्हतं. कौतुक झालं ते इथे, मामांच्या हातात. दुकानाच्या मालकांना सगळे मामा म्हणतात. त्यांना दोन वेडं, एक दाढी करण्याचं आणि दुसरं विनोदी सिनेमे आणि मालिका बघण्याचं. बरं, ही दोन्ही कामं ते एकाच वेळी करायचे. आता तुम्हीच सांगा, ज्याच्या गळ्यावर वस्तरा आहे त्याला हसवायचं, हे काय शहाणपणाचं लक्षण झालं? पण मामांना एक विद्या अवगत होती. विनोद यायच्या क्षणभर आधी ते वस्तरा उचलायचे. गिऱ्हाईक पोटभर हसून घ्यायचं, मग वस्तरा पुन्हा जागेवर. आधी कधी न पाहिलेल्या भागातसुद्धा त्यांचा हात चुकायचा नाही.

"विनोदाआधी नट श्वास घेतो," ते सांगायचे. "तेवढा ऐकायचा, झालं."

मामांची मतं ठाम होती. ज्या विनोदाला वस्तरा उचलावा लागतो तोच विनोद, बाकीच्या भागांत सलग दाढी होते. मिशीवाला नट साडी नेसून आला की लेखक त्या दिवशी रजेवर होता असं समजावं. जुळ्या भावांचा घोळ पहिल्या अर्ध्या तासात मिटला तर गंमत, नाहीतर डोकेदुखी. मालिकांत मागून वाजवलेलं ध्वनिमुद्रित हसू तर त्यांना मुळीच खपायचं नाही. "मी कुठे हसायचं ते या पेटीने मला का सांगावं?" असं म्हणत ते माझं आवाज बंद करायचं बटण दाबायचे. ते बटण मी अभिमानाने मिरवायचो.

त्यांच्याशी वाद घालायला एकच माणूस, त्यांचा बालमित्र. तो शाळेत मास्तर होता. मास्तरांना धडपडीचे सिनेमे आवडायचे. कुणी पाय घसरून पडलं की हा माणूस खुर्चीसकट हलायचा.

"अरे, पडण्यात काय आहे?" मामा म्हणायचे. "पडल्यावर तो उठून, कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघतो, हसू तिथे असतं."

"तू तिथे हस. मी आधीच हसून मोकळा होतो," मास्तर म्हणायचे.

पुढे मास्तर निवृत्त झाले आणि मुलाकडे राहायला गेले. त्याच सुमारास मामांचा अंगठा माझ्या आवाज वाढवायच्या बटणावर जास्त रेंगाळू लागला. आधी थोडासा, मग रोजच. बटणावरची अधिकची खूण झिजून गेली. समोरचा शिंपी कुरकुर करू लागला इतका आवाज झाला. मित्रांनो, मला तेव्हाच कापरं भरलं. कारण आवाज कितीही वाढवला, तरी नटाचा तो बारीकसा श्वास मामांना ऐकू येत नव्हता.

मग एके दिवशी जे व्हायचं ते झालं. बसचा ड्रायव्हर दाढीला बसला होता. पडद्यावर विनोद आला, वस्तरा हनुवटीखाली तसाच राहिला आणि ड्रायव्हर हसला. रक्ताचा बारीक धागा उतरला. मामांनी तुरटी फिरवली आणि वर त्यालाच दम भरला, "हलू नका हो दाढी करताना."

त्या दिवसापासून दुकानातलं हसू बंद झालं. बातमी कानोकानी गेली होती, फक्त मामांच्या कानी गेली नव्हती. गिऱ्हाइकं तुटली नाहीत, माया होती त्यांची. पण खुर्चीत बसलं की लोक दात आवळायचे. बेकरीवाला तर हसू दाबताना खुर्चीचे हात असे धरायचा की बोटं पांढरी पडायची. कमाल पुढेच आहे. मामा त्या गप्प चेहऱ्यांकडे बघून भागाचा निकाल लावू लागले.

"फसला हा भाग. एक माणूस हसला नाही."

"खरंय मामा," बेकरीवाला म्हणायचा आणि गळ्यावरून हात फिरवायचा.

शेजारच्या खुर्चीवर मामांची लेक केस कापते. तिला सगळं दिसत होतं. "बाबा, एकदा कान दाखवून येऊ या का?" असं तिने विचारलं, तर मामा दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. मग तिने मला टॉवेलांच्या कपाटात लपवलं. मामांनी मला शोधून काढलं आणि म्हणाले, "टीव्हीशिवाय दाढी करायची तर दुकानाला कुलूप लावलेलं बरं." मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? मी खिळ्यावर लटकून रोज एकच विचार करायचो, आज कुणाचा गळा?

आणि एका सकाळी दारात मास्तर उभे. मुलाकडून कायमचे परत आले होते. मामांना काय आनंद झाला म्हणून सांगू. त्यांनी स्वतःच्या हाताने खुर्ची पुसली, फेस केला, आणि नवा भाग लावला. बाकावर ड्रायव्हर होता, बेकरीवाला होता. दोघांचे चेहरे उतरले. मास्तरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि या माणसाला हसू दाबता येत नाही.

मास्तरांनी मान मागे टाकली. वस्तरा गळ्याच्या उंचवट्यापाशी आला. पडद्यावर एक जाडा पाहुणा मोडक्या खुर्चीकडे निघाला होता. ड्रायव्हर अर्धवट उठला. मला ओरडावंसं वाटलं. माझ्या अंगावर इतकी बटणं, पण एकही मला स्वतःला दाबता येत नाही. नटाने श्वास घेतला.

लेकीने हातातली कात्री टाकली आणि बाबांचं मनगट धरून वर उचललं.

खुर्ची मोडली, पाहुणा पडल्यापडल्या काहीतरी बोलला आणि मास्तर असे हसले की फेस आरशावर उडाला. मामा लेकीकडे बघत राहिले, मग मास्तरांकडे.

"का हसलास?"

"अरे, तो काय म्हणाला ऐकलं नाहीस?"

मामांनी बाकाकडे पाहिलं. "मग तुम्ही का नाही हसलात?"

 ड्रायव्हर खाली बघत म्हणाला, "भीती वाटते मामा. वर्षभर झालं."

 मामांनी वस्तरा मिटला आणि लेकीच्या हातात दिला. मग मला खिळ्यावरून काढून तोच प्रसंग मागे नेला आणि पुन्हा लावला. या वेळी सगळे हसले. बेकरीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, एवढं हसू त्याने साठवलं होतं. मामा टीव्हीकडे बघतच नव्हते. ते एकेका चेहऱ्याकडे बघत होते.

"चांगला आहे की हा भाग," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मग वर्षभर मी ज्यांना रद्दी म्हटलं, त्यांतले किती चांगले होते?"

 मास्तरांची उरलेली अर्धी दाढी लेकीने केली.

मित्रांनो, रिमोट आपटू नका, सेल संपले तर बदला, एवढं मी माझ्यासाठी मागतो. पण तुमच्या घरात कुणी आवाज वाढवू लागलं, तर मायेपोटी गप्प बसू नका. जवळ जा, तोंडासमोर बसा आणि सांगा. मामांचा राग सोसता आला असता. त्यांचं हसू मात्र वर्षभर तुटलं, आणि ते वर्ष मला कुठल्याही बटणाने मागे नेता येत नाही.