चार बोटं आखूड झालेली खुर्ची

मी एक जुनी आरामखुर्ची आहे. जुनी वयाने; बसणारं माणूस मला फार उशिरा मिळालं. तेही भलतंच मिळालं, आणि मित्रांनो, माझा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

लाकूडकामाच्या कारखान्यात एक सुतार होता. त्याला सगळे 'मापवाले' म्हणत, कारण सूतभर चूकसुद्धा त्याला खपत नसे. दुसऱ्यांच्या खुर्च्या घडवण्यात जन्म गेला, स्वतः मात्र दिवसभर उभा! मालकाला विचारून त्याने उरलेसुरले सागवानी तुकडे घरी आणले आणि सुट्टीच्या दिवसांत मला घडवलं. स्वतःच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत दोरी धरून माझ्या पायांचं माप घेतलं. पाठ वेताने विणली. शेजारी म्हणाले, "वा! अगदी राजाची खुर्ची!" मी फुलून गेले.

आणि मग त्याने मला चादरीत गुंडाळून पोटमाळ्यावर चढवलं.

"अहो, एकदा बसा तरी," त्याची बायको म्हणाली.

"निवृत्त झालो की बसेन. आत्तापासून सवय नको," तो म्हणाला.

मला काही उमजेना. खुर्ची बसायला करतात की न बसायला? अकरा वर्षं धूळ खात मी हाच विचार केला. त्याच्या पगारातले थोडे पैसेही दर महिन्याला असेच म्हातारपणासाठी बाजूला पडतात, हे खालच्या बोलण्यावरून कळलं. म्हटलं, असतील बिचारे तेही कुठल्याशा माळ्यावर.

एके दिवशी बायकोच्या छातीत कळ आली. ऑपरेशन तातडीचं, रुग्णालयाला पैसे आधी हवे होते, त्यात दोन महिन्यांचं भाडं थकलेलं. लेक ते साठवलेले पैसे काढायचा अर्ज घेऊन माळ्याखालीच बसली.

"बाबा, साठवलेलं आत्ता काढलं तर पुढे हातात फार थोडं उरेल. साठीनंतरही काम करावं लागेल तुम्हाला."

"करीन की! आधी तुझी आई वाचू दे. आण इकडे, सही कुठे करायची?"

सूतभर चूक न खपणाऱ्या त्या माणसाची सही चौकटीबाहेर गेली.

बायको वाचली. घरी आली, पण आडवं झालं की तिला धाप लागे. दुसऱ्याच दिवशी मला खाली उतरवलं. मला वाटलं, झाला एकदाचा निवृत्त! पण बसली ती. ती ठेंगणी, तिचे पाय अधांतरी. ते सुजू लागले. खाली पाट ठेवला, तर तो सटकला. तेव्हा सुताराने करवत आणली.

"अहो, वेड लागलंय का? तुमच्या मापाची आहे ती!"

"गप बस गं. टाच टेकव सरळ."

त्याने खूण केली. चार बोटं. करवत चालली तेव्हा मला दुखलं की हलकं वाटलं, आजही सांगता येत नाही. तुकडे त्याने फेकले नाहीत. माझ्याच चादरीत बांधून माळ्यावर ठेवले. "जोडू पुढे," म्हणाला. कापलेला पाय पहिल्यासारखा जुळत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्याची साठी कधीच उलटली. कारखान्याने निरोप दिला, तरी दुसऱ्याच्या दुकानात तो रंधा मारतोच आहे. काल संध्याकाळी बायकोने त्याला बळेच माझ्यात बसवलं. गुडघे थेट छातीशी आले.

"अगं, मी खुर्चीत बसलोय की उकिडवा?"

ती इतकी हसली की तिने छातीवर हात धरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग नुसतं हसूच आहे हे कळलं आणि तोही हसत सुटला.

त्याने बरं केलं की वाईट? ती हसते तेव्हा वाटतं, बरंच केलं. सकाळी कंबर चोळत, डबा घेऊन तो निघतो, तेव्हा मला पुन्हा काही कळेनासं होतं.

मित्रांनो, घरातला माळा झाडताना जुन्या चादरीत चार ठोकळे सापडले, तर कचरा म्हणून टाकू नका. आधी घरात कुणाला तरी विचारा, खुर्ची मुळात कुणाच्या मापाची होती.