डोराबाईंच्या भिंतीवरचे घोंगडे

मी एक जुने घोंगडे आहे. काळे, जाड आणि अंगाला टोचणारे. टोचते म्हणून कोणी नाक मुरडले तर मला राग येत नाही. लोकरच ती, टोचणारच. मला राग येतो तो "किती सुंदर!" म्हणून मला घडी घालून ठेवणाऱ्यांचा. मित्रांनो, अशाच एका बाईने मला पुरते दीड वर्ष छळले. तिने माझ्यावर जेवढी माया केली तेवढी कोणी केली नसेल. तरीही मी छळलेच म्हणणार. सगळे ऐका आणि मग तुम्हीच सांगा.

माझी गोष्ट माझ्या जन्माआधीच सुरू होते. बहात्तर सालचा दुष्काळ तुम्ही ऐकून असाल. जतकडच्या माळावरची हरणाबाई आणि तिचा नवरा बाळासो दरवर्षी दिवाळी झाली की मेंढरे घेऊन कृष्णाकाठाकडे उतरायचे. बागायतदारांच्या शेतात खतासाठी मेंढरे बसवायची, पाल ठोकायचे, उन्हाळा सरला की माघारी फिरायचे. त्या वर्षी वाटेतच मेंढरे पडू लागली. त्यातच सुलाबाईला, म्हणजे हरणाबाईच्या सुनेला, पालातच कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण पोर, दोन दिवस झाले तरी सुटका होईना. बाळासो चार कोस चालत मिशनच्या लहान दवाखान्यात गेला आणि डोराबाईंना घेऊन आला.

डोराबाई म्हणजे तिथल्या नर्सबाई. कॅनडा नावाच्या लांबच्या बर्फाळ मुलखातून त्या ऐन तरुणपणी मिशनच्या कामासाठी इकडे आल्या होत्या. त्यांचे नाव डोरोथी. आपल्या लोकांनी त्याचे डोराबाई केले आणि त्यांनीही ते आनंदाने लावून घेतले. त्या दिवशी त्यांनी सुलाबाईला सोडवले. मुलगी झाली. पौषातली थंडी, पालात धड फडके नाही, तेव्हा डोराबाईंनी अंगातला स्वेटर काढून त्यात पोर गुंडाळली आणि स्वतः कुडकुडत जीपमधून परत गेल्या. जाताना एवढेच बजावून गेल्या की सुलाबाईची हाडे अरुंद आहेत, पुढचे बाळंतपण पालात करायचे नाही, तिला दवाखान्यातच आणायचे.

हरणाबाई आभाराचे चार शब्द बोलली नाही. तिच्यात ती रीतच नव्हती. फक्त जीप गेल्यावर बाळासोला म्हणाली, "त्या बाईच्या अंगावर आपली लोकर पडाय पायजे."

पण लोकर आणायची कुठून? दुष्काळातून अकरा मेंढरे उरली होती. दोन कातरणींची लोकर साठवायला वर्षाच्या वर गेले. हरणाबाईने ती धुतली, पिंजली, आणि मेंढरांमागे चालता चालता चातीवर सूत काढले. मग जोतिबा सणगराच्या मागावर मी तयार झाले. चिंचोक्याची खळ देऊन त्याने मला असे कडक केले, की उभे केले असते तर उभे राहिले असते. ही खळ लक्षात ठेवा, मित्रांनो. सगळा घोटाळा तिनेच केला.

हरणाबाईने मला डोराबाईंच्या हातात दिले, तेव्हा बाईंच्या डोळ्यांतून पाणी आले. त्यांनी मला गालाला लावले, मी टोचले, त्या हसल्या. मला वाटले, चला, आपले काम सुरू झाले! थंडीत जीपमध्ये हिंडू, रात्री पांघरूण होऊ, दुपारी बसकर होऊ.

कसले काय! बाईंनी माझी झकास घडी घातली, चारी कोपऱ्यांत डांबरगोळ्या ठेवल्या आणि मला पेटीत घालून वर झाकण लावले. अहो, मी घोंगडे आहे, लोणचे नव्हे!

पाहुणे आले की झाकण उघडायचे. मग मला बाहेर काढून डोराबाई हरणाबाईचे गुण गायच्या, पाहुणे दोन बोटांनी मला चाचपायचे, आणि मी पुन्हा पेटीत. रविवारी त्या चर्चमध्ये इथल्या माणसांसाठी आणि इथल्या माळांसाठी देवाचे आभार मानायच्या. दर महिन्याला कॅनडाला लांबलचक पत्र लिहायच्या आणि लिहून झाले की मोठ्याने वाचून पाहायच्या. त्यामुळे मला सगळे पाठ झाले होते. कोयनानगरच्या भूकंपानंतर तंबूत स्वतःची अर्धी भाकरी बाईंना देणारी बनुबाई. खंडाळ्याजवळच्या घाटात जीप बंद पडली तेव्हा ती ढकलत वर नेणारे, रजेवर आलेले फौजी. मिरजेच्या गल्लीत तंबोऱ्याच्या तारा लावता लावता त्यांचे मराठी सुधारून देणारा म्हातारा कारागीर. या सगळ्यांची बाई मनापासून ऋणी होत्या, त्यात खोट नव्हती. पण ते आभार बोटीने साता समुद्रापार जायचे. ज्यांचे आभार मानले त्यांना त्याचा पत्ताच नसायचा. मला तर पेटीत गुदमरल्यासारखे व्हायचे.

पंचाहत्तर सालच्या पावसाळ्यात परदेशातून मिशनची काही मोठी माणसे येणार होती. तेव्हा माझी बढती झाली. बाईंनी बैठकीच्या खोलीत दोन खिळे ठोकून मला भिंतीवर टांगले आणि खाली टाइप केलेली चिठ्ठी चिकटवली. पाहुणे आले, पाहून गेले. मी मात्र तिथेच लटकत राहिले. घरात स्वयंपाक करणारी रंगुबाई केरसुणीने माझ्यावरची जळमटे काढताना पुटपुटायची. ती याच भागातली, तिला सगळे कळत होते. पण बाईंना तोंडावर कसे सांगायचे म्हणून ती गप्प राहायची. मला तिचाही राग यायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर हरणाबाई मेंढरे घेऊन त्याच वाटेने आली आणि बाईंना भेटायला आत शिरली. मला भिंतीवर पाहून जागच्या जागी थांबली. मग जवळ येऊन तिने माझा कोपरा दोन बोटांत धरून चोळला. खळ जशीच्या तशी होती. वापरलेल्या घोंगड्याची खळ जाते, ते मऊ पडते, त्याला धुराचा आणि घामाचा वास लागतो. माझ्या अंगाला डांबरगोळ्यांचा वास होता. धनगराच्या बाईला आणखी काय सांगायला हवे?

"बाई," तिने विचारले, "थंडी वाजत न्हाई व्हय तुमास्नी?"

डोराबाईंना केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! त्या म्हणाल्या, थंडीसाठी त्यांच्याकडे गिरणीतले ब्लँकेट आहे, हे घोंगडे मात्र त्यांनी फार जपले आहे, एकदासुद्धा अंगावर घेतलेले नाही.

झाले! हरणाबाईने हातातला चहा न पिताच खाली ठेवला. काठी उचलली आणि निघून गेली. बाईंना वाटले, मेंढरे वाटेत उभी आहेत म्हणून गडबडीत असेल. मला तोंड असते तर मी भिंतीवरून ओरडले असते. पण घोंगड्याला कुठले तोंड?

पुढे जानेवारीत एका आठवडी बाजारातून रंगुबाई बातमी घेऊन आली आणि तिने ती चुलीपुढे बसून भांडी घासणाऱ्या बयाबाईला सांगितली. सुलाबाईला पुन्हा दिवस गेले होते, नववा महिना सरत आला होता. त्यांचे पाल दादासो बागायतदाराच्या उसाच्या रानात होते, दवाखान्यापासून जेमतेम कोसावर. पण हरणाबाईने शपथ घातली होती की त्या दवाखान्याची पायरी चढायची नाही. आमची लोकर जिच्या अंगाला चालत नाही, तिच्या हाती आमची सून कशापायी द्यायची, असे तिचे म्हणणे होते.

माझ्या लोकरीवर काटा आला. पुढचे बाळंतपण पालात केले तर काय होईल, हे बाईंनी स्वतः बजावले होते. सुलाबाईचा जीव माझ्यावरून टांगणीला लागला होता, आणि मी इकडे खिळ्यांना टांगलेले! रंगुबाई तीन दिवस घुटमळली. ती सकाळी केर काढायला यायची, बाईंकडे पाहायची, तोंड उघडायची आणि पुन्हा मिटायची. त्या तीन दिवसांत मी जेवढे चडफडले तेवढे पेटीतही चडफडले नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी बाई टेबलाशी बसून पत्र लिहीत होत्या. आणि गंमत बघा, पत्र हरणाबाईबद्दलच होते! अखेर रंगुबाईने केरसुणी खाली टाकली.

"बाई, त्ये पत्र ऱ्हाऊ द्या. जिचं गुण गातायसा, ती तुमच्यावर रुसलीया."

मग तिने सगळे सांगून टाकले. डोराबाई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांनी वाद घातला नाही की सबब सांगितली नाही. खुर्चीवर चढून त्यांनी मला खसकन ओढले, एक खिळा माझ्याबरोबरच निघाला, आणि मला खांद्यावर टाकून त्या जीपमध्ये बसल्या.

दादासोच्या रानात पाटाचे पाणी सोडलेले होते. जीप बांधापाशीच रुतली. बाई गुडघाभर चिखल तुडवत पालापाशी पोचल्या, तर सुलाबाईला पहाटेपासून कळा येत होत्या आणि तिची शुद्ध हरपत चालली होती. हरणाबाई पालाच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. का आलासा, एवढेच तिने विचारले.

इथे बाईंनी आभाराचे भाषण सुरू केले असते तर मी त्यांना कधीच क्षमा केली नसती. पण त्यांनी मला खांद्यावरून काढले आणि त्या काळ्या चिखलात सरळ अंथरले.

"हरणाबाई, सुलाबाईला यावर घ्या. चौघांनी चार कोपरे धरा. जीप बांधावर आहे."

हरणाबाई चिखलातल्या माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने वाकून पहिला कोपरा स्वतः धरला. दुसरा बाळासोने, तिसरा त्याच्या मुलाने म्हणजे सुलाबाईच्या नवऱ्याने, आणि चौथा धावत आलेल्या दादासोने. मी एवढे वजन जन्मात कधी पेलले नव्हते. एका कोपऱ्याची वीण उसवली, मी चिखलाने लडबडले, रक्ताने भिजले. पण सणगराची ती खळ तेव्हा कामाला आली, आणि मी सुलाबाईला खाली पडू दिले नाही.

दिवस मावळायच्या आत दवाखान्यात मुलगा झाला. आई वाचली, पोर वाचले. मी कोपऱ्यात घाणेरड्या बोळ्यासारखे पडले होते आणि जन्मात पहिल्यांदा खूश होते.

बाई हात धुऊन बाहेर आल्या आणि हरणाबाईशेजारी पायरीवर बसल्या. आपण चुकलो, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या देशात ज्या वस्तूवर जीव असतो ती जपून ठेवतात, हेही त्यांनी सांगितले. त्यावर हरणाबाई म्हणाली,

"आमच्यात जिच्यावर जीव आसतो ती अंगावर घेत्यात, बाई. झिजली की दुसरी करायची."

दुसऱ्या दिवशी तिने मला पाटाच्या पाण्यात स्वतः आपटून धुतले. खळ सगळी वाहून गेली. तिने उसवलेली वीण दाभणाने शिवून मला उन्हात टाकले.

त्यानंतरची दोन वर्षे मी खरे जगले. बाईंनी मला पांघरले, अंथरले, जीपच्या फुटलेल्या खिडकीला लावले, आजारी म्हातारीच्या पायांखाली घातले. स्टोव्हच्या ठिणगीने मला दोन भोके पडली. आणखी एक गोष्ट झाली. बाई कोयनानगरला बनुबाईकडे जाऊन माझ्यावर बसून तिची भाकरी खाऊन आल्या. मिरजेच्या म्हाताऱ्या कारागिराला मराठीतले पत्र स्वतः वाचून दाखवून आल्या. हे आधी सुचायला काय झाले होते, असे मला वाटलेच. पण सुचले हे काय कमी आहे?

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात बाई कायमच्या परत निघाल्या. निरोप समारंभाला शाली आल्या, नारळ आले, हार आले. मंडळींनी तर आठवण म्हणून मला चौकटीत बसवून दवाखान्यात लावायची टूम काढली! माझा पुन्हा संताप झाला. पण बाईंनी नकार दिला. पेटीत जागा नव्हती, म्हणून मिरज स्टेशनवर भर उन्हाळ्यात त्या मला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. लोक हसत होते आणि त्या घामाने निथळत होत्या.

गाडी सुटायला आली तेव्हा गर्दीतून हरणाबाई पुढे आली. मागे सुलाबाई आणि तिची दोन पोरे होती. हरणाबाई बाईंच्या पाया पडली नाही की रडली नाही. तिने माझा कोपरा बोटांत धरून चोळला. मी मऊ झाले होते. तिचे बोट एका भोकातून आरपार गेले. तिने मला नाकाला लावले, वास घेतला आणि पहिल्यांदा मनापासून हसली.

"लय झिजलंय," ती म्हणाली. "दुसरं कराय टाकते."

दुसरे? ऐकून मला मिरच्या झोंबल्या. मी अजून धडधाकट आहे! पण पुढच्या हिवाळ्यात कॅनडातल्या त्या बर्फात पार्सल आलेच. दोरी सोडायच्या आधीच बाईंना चिंचोक्याच्या खळीचा वास आला. त्यांनी ते नवे घोंगडे घडी मोडून तिथल्या तिथे अंगावर घेतले आणि मला खुर्चीत अंथरून माझ्यावर बसल्या.

तेव्हा मित्रांनो, एवढे करा. कोणी जीव लावून काही दिले तर ते वापरा, झिजवा, फाडा. कोणाचे उपकार मानायचे असतील तर त्याच्या दारात जाऊन माना. आणि आम्हा घोंगड्यांना धुवा, उन्हात टाका, हवे तर चिखलात अंथरा. पण तेवढे भिंतीला टांगू नका.