तिसरा मजला फिरायला गेला तेव्हा

“बापजन्मात कुणाचा विश्वास बसणार नाही,” मी म्हणालो, “पण गुरुवारी दुपारी आपल्या इमारतीचा तिसरा मजला फिरायला गेला होता.”

“आला का परत?” टेलरमास्तरनं विचारलं. हा माझा शेजारी. जन्मभर लोकांची मापं काढली, आता माझी काढतो.

“आला म्हणून तर तुझं थोबाड बघतोय.”

तळमजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत आम्ही चौघं होतो. मॅनेजरबाई, माझी मुलगी, मी आणि कुणीही न बोलावता येऊन बसलेला मास्तर. मुलीला मात्र मुद्दाम बोलावून घेतलं होतं. गुरुवारी जेवून मी बाहेर पडलो तो दिवेलागणीला उगवलो आणि कुठे होतो ते काही केल्या सांगेना, म्हणून. आमच्या या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत अट एकच: आपलं आपण राहायचं. आपला चहा, आपलं कुलूप, आपली वाट. मागेमागे फिरायला इथे माणसं ठेवलेली नाहीत, म्हणून तर आमच्यासारख्यांना भाडं झेपतं. वाट चुकायला लागलेल्याला मात्र खोली सोडावी लागते. मग एक तर मुलीच्या दोन खोल्यांतला सोफा, नाहीतर जिथे दाराला बाहेरून कडी लावतात ती जागा.

“काका, सरळ सांगा ना,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “वाट चुकला होतात का? मला आज काय ते ठरवायलाच हवं.”

“मी? अहो, उभा जन्म बस चालवली. पॅसेंजर चुकले, कंडक्टर चुकला, एकदा तर अख्खा डेपो चुकला. मी नाही चुकलो. चुकला तो मजला.”

टेबलाखाली माझा डावा पाय क्लच शोधत होता. निवृत्त झाल्यापासून हा पाय ऐकत नाही. गाडी कधीच थांबली, पण त्याला ते कुणी कळवलेलंच नाही.

“त्याचं असं झालं,” मी म्हटलं. “स्वस्तात बांधायचं म्हणून कंत्राटदारानं मजले एकावर एक नुसते ठेवलेत. खिळवलेले नाहीत. मी जरा पाय मोकळे करायला खाली उतरलो. परत वर जातो, तर दुसऱ्या मजल्यावर थेट आकाश! कबुतरं बसलेली. मास्तर, तुझ्या चड्ड्या दोरीसकट गेलेल्या.”

“तरीच एक सापडत नाहीये!”

“ती मजल्यानंच ठेवून घेतली असणार. मग काय, निघालो शोधायला. माझी औषधं त्याच्यातच होती ना. विचारत विचारत गेलो. सापडला! एका गल्लीच्या टोकाला उभा होता, पार दमून गेलेला. माझं दार ओळखलं, किल्ली घातली. अर्धी फिरली आणि अडली. तेवढ्यात आतून खडखडाट झाला आणि एका पोरीनं दार उघडलं. कडेवर बाळ.”

“थांब, थांब,” मास्तर पुढे सरकला. “बाळ? इथे साठीच्या आतलं कुणाला घेत नाहीत. केस पिकले होते का त्याचे?”

“टक्कल होतं. दातही नव्हते. म्हणूनच घेतलं असेल.”

मॅनेजरबाईसुद्धा हसल्या. मुलगी हसली नाही. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत, सोडत बसली होती. तिची आई गेल्यावर आम्ही जुनं घर विकलं, तेव्हापासून तिचा हा चाळा. दर भेटीत निघताना उंबऱ्यात थबकते आणि विचारते, “पप्पा, विकलं ते चुकलं नाही ना?” मी म्हणतो, “छे गं, काय ठेवलंय त्या घरात!” मग ती जिना उतरते. मी तिच्याकडे न बघता मजला पुढे हाकला.

“पोरगी बिचारी घामाघूम. म्हणाली, आजोबा, हे दार जीव खातं, सुतार दोनदा येऊन गेला. मी म्हटलं, पोरी, दाराशी भांडू नये. आतून ओढताना हँडल वर उचलायचं. बाहेरून येताना उचलायचं आणि उजवा खांदा लावायचा. असा. करून दाखवलं. लोण्यात सुरी जावी तसं उघडलं! बाळ खदखदून हसलं. पाणी दिलं तिनं, बसा म्हणाली. म्हटलं, बसून कसं चालेल, अंधाराच्या आत मजला जागेवर लावायचाय.”

“हाकत आणलास?” मास्तर.

“रिव्हर्समध्ये. वळवायला जागाच नव्हती.”

मास्तरनं टेबलावर थाप मारली. मॅनेजरबाईंनी हसता हसता डोळे पुसले आणि मग आवाज एकदम मऊ केला. “काका, म्हणजे कुठे गेला होतात ते तुम्हाला खरंच आठवत नाहीये का?”

त्या मऊपणाची मला धास्ती वाटते. इथून ज्यांना ज्यांना हलवलं, त्यांच्याशी आधी असंच मऊ बोलले होते. माझा उजवा पाय ब्रेकवर गच्च दाबला गेला. आणखी एखादी थाप घालावी म्हणून तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मुलीकडे लक्ष गेलं.

तिचा उजवा खांदा किंचित वर उचलला गेला होता. शाळेतून येऊन दाराला लावायची, तसा. तिचं तिला कळलंही नव्हतं.

“थापा पुरे, पप्पा,” ती म्हणाली. “खांदा लावायचं दार एकच होतं. ते मी विकलं.”



मग ती मॅनेजरबाईंकडे वळली.

“हे हरवले नव्हते हो. दोन बस बदलून बरोबर दाराशी पोचले होते. खोटं बोलतायत, एवढंच.”